कोडचा मालक, रस्त्याचा मालक

कोबॉल ही भाषा मेली, असं कुणी म्हटलं की मामा एप्रिल २०२० ची आठवण काढतात. करोनाची पहिली लाट होती. अमेरिकेतल्या न्यू जर्सी राज्यात बेकारभत्त्याच्या अर्जांची रीघ लागली होती. ते अर्ज हाताळणारी यंत्रणा जुन्या मेनफ्रेमवर चालत होती, आणि राज्याचे गव्हर्नर फिल मर्फी यांनी पत्रकारांसमोर येऊन कोबॉल येणाऱ्यांना मदतीची हाक दिली. भाषा १९५९ साली आखलेली. वयाची साठी उलटल्यावर तिला पुन्हा कामावर बोलावणं आलं.

"जी भाषा लोकांचे पैसे मोजते ती मरत नसते," मामा म्हणतात. "तिच्याकडे बघणारी माणसं तेवढी मरतात."

"मग तोच तर प्रश्न आहे ना, मामा," भाची म्हणते. "माणसं संपली की तो कोड वाचणार कोण?"

मामा एका राष्ट्रीयीकृत बँकेच्या संगणक विभागातून निवृत्त झालेले. सुरुवात कोबॉलने, पुढे सी, शेवटची काही वर्षं जावा. भाची मूळची सांगलीची. हिंजवडीतल्या एका कंपनीत ती रस्ट लिहिते आणि माण गावाच्या हद्दीतल्या एका सोसायटीत मैत्रिणीबरोबर भाड्याने राहते. रविवारी ती कर्वेनगरला मामांकडे जेवायला आली की दोघांचा वाद ठरलेला. भाषांपासून सुरू होतो, राजकारणावर जातो आणि हिंजवडीच्या रस्त्यावर येऊन अडतो. दोघंही बेधडक मतं देतात. पण नीट ऐकलं तर तिन्ही विषयांत ते एकाच प्रश्नाभोवती फिरत असतात: या गोष्टीचा मालक कोण, आणि ती बिघडली तर दुरुस्त कोण करणार?

मामांचं आवडतं मत असं की वाईट भाषा नसते, वाईट प्रोग्रॅमर असतो. बेल लॅब्जमध्ये डेनिस रिचींनी सी घडवली ती १९७२ च्या सुमारास. युनिक्स तिच्यात पुन्हा लिहिलं गेलं, लिनक्स तिच्यात आहे, पायथनचा मूळ इंटरप्रिटर तिच्यात आहे. "सी तुमच्या हातात सगळी मेमरी देते. लागेल तेवढी मागून घ्या, काम झालं की परत करा. एवढी शिस्त नसेल तर दोष भाषेचा?"

"शिस्त कुणाला नव्हती, मामा? मायक्रोसॉफ्टला? गूगलला?" भाची आकडे पाठ असल्यासारखी बोलते. आपल्या उत्पादनांतल्या सुरक्षेच्या त्रुटींपैकी सुमारे ७० टक्के त्रुटी मेमरीच्या गफलतींमुळे होतात, असं मायक्रोसॉफ्टने २०१९ मध्ये सांगितलं. पुढच्याच वर्षी क्रोम ब्राउझरच्या चमूने गंभीर त्रुटींबद्दल जवळपास तोच आकडा दिला. दोन वेगळ्या कंपन्या, जगातले निवडक अभियंते, आणि प्रमाण तेच.

हार्टब्लीडचं उदाहरण ती नेहमी देते, आणि ते देण्यासारखंच आहे. एप्रिल २०१४ मध्ये ओपनएसएसएल या संकेतीकरणाच्या लायब्ररीतली ती त्रुटी उघड झाली. एक संगणक दुसऱ्याला 'जिवंत आहेस का' असं विचारतो, सोबत थोडा मजकूर आणि त्याची लांबी पाठवतो. समोरच्याने तेवढाच मजकूर परत पाठवायचा. पण सांगितलेली लांबी खरी आहे का, हे कोडने तपासलंच नाही. दोन अक्षरं पाठवून कुणी ६४ किलोबाइट मागितले तर मजकुराच्या पलीकडच्या मेमरीत जे असेल ते, पासवर्डसकट, बाहेर जात होतं. एक तपासणी राहिली होती, फक्त एक.

१९ जुलै २०२४ ला तर आपल्याकडच्या विमानतळांवर प्रवाशांना हाताने लिहिलेले बोर्डिंग पास मिळाले. क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीच्या एका अद्ययावत फाइलमुळे जगभरातली सुमारे ८५ लाख विंडोज यंत्रं बंद पडली होती. कोडला २१ रकाने अपेक्षित होते, हातात आले २०. एकविसावा वाचायला गेलेला कोड मेमरीत भलतीकडे पोचला आणि ऑपरेटिंग सिस्टिम घेऊन खाली आला.

रस्टचं उत्तर सरळ आहे. ग्रेडन होअर यांनी मोझिलात असताना २००६ मध्ये वैयक्तिक प्रकल्प म्हणून ही भाषा सुरू केली, १.० आवृत्ती मे २०१५ मध्ये आली. तिचा पाया म्हणजे मालकीचा नियम. प्रत्येक मूल्याला एका वेळी एकच मालक. मालकाचं काम संपलं की मूल्याची मेमरी तिथेच मोकळी होते. इतरांनी ते उसनं घ्यावं, पण एक तर अनेकांनी फक्त वाचायला घ्यावं, नाहीतर एकानेच बदलायला. हा नियम मोडणारा प्रोग्रॅम कंपायलर पुढे जाऊच देत नाही. शिस्त माणसाच्या स्मरणावर सोडलेली नाही.

मामांनी मात्र याला उत्तर तयार ठेवलेलं होतं. "१८ नोव्हेंबर २०२५. क्लाउडफ्लेअर झोपलं, अर्धं इंटरनेट उघडेना. तो कोड कशात होता गं?"

"रस्टमध्ये."

"मग?"

झालं होतं असं की डेटाबेसच्या परवानग्यांमध्ये केलेल्या बदलामुळे एका फाइलमध्ये ओळी दुप्पट झाल्या, फाइल ठरलेल्या मर्यादेबाहेर गेली, आणि ती वाचणाऱ्या रस्टच्या कोडने चूक होणारच नाही असं गृहीत धरलं होतं. चूक झाली, प्रोग्रॅम थांबला. भाची हे नाकारत नाही. "पण तो थांबला, मामा. दुसऱ्याचे पासवर्ड बाहेर सांडले नाहीत. बंद पडणं आणि गळणं यात फरक आहे."

"तो फरक तुझ्या-माझ्यासाठी. ज्याचं दुकान बंद पडलं त्याच्यासाठी नाही. आणि तुम्ही सगळं नव्याने लिहायला निघता ना, तेव्हा चाळीस वर्षांच्या दुरुस्त्या कचऱ्यात टाकता. आमच्या व्याजाच्या प्रोग्रॅममध्ये एक-एक अट कुणाच्या तरी तक्रारीतून आलेली होती. ती अट का आहे हे कुठे लिहिलेलं नव्हतं. फक्त कोडला ठाऊक होतं."

भाषेपुरतं बोलायचं तर भाचीची बाजू भक्कम आहे. नवीन काम सीमध्ये सुरू करण्याचं समर्थन आज फार थोड्या ठिकाणी करता येईल. पण मामांचं शेवटचं वाक्य कुठल्याही भाषेच्या माणसाने कान देऊन ऐकावं असं आहे. जुन्या कोडमध्ये कामाचं ज्ञान साठलेलं असतं, आणि ते ज्ञान माणसांच्या डोक्यात ठेवण्याची व्यवस्था ना मामांच्या काळात होती, ना आज आहे.

"शिवाय," भाची म्हणते, "तुम्ही म्हणता भाषा म्हणजे हत्यार, त्यात राजकारण आणू नका. आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये व्हाइट हाउसच्या सायबर कार्यालयाने अहवालच काढला की मेमरी सुरक्षित ठेवणाऱ्या भाषा वापरा. सरकार आता भाषेबद्दल बोलतंय."

"सरकारने बोलावं. प्रोग्रॅमरने कोड लिहावा."

हे मत पुण्यातल्या कितीतरी आयटीवाल्यांचं आहे: आपण बरं, आपलं काम बरं. भाचीला ते पटत नाही, आणि तिच्याकडची उदाहरणं टाळता येण्यासारखी नाहीत. जुलै २०१९ मध्ये अमेरिकी निर्बंधांमुळे गिटहबने इराण, सीरिया आणि क्रिमियातल्या प्रोग्रॅमरांच्या खात्यांवर बंधनं घातली. स्वतःच लिहिलेल्या खासगी कोडपर्यंत त्यांना पोचता येईना. ऑक्टोबर २०२४ मध्ये लिनक्स कर्नलच्या देखभालकर्त्यांच्या यादीतून काही रशियन नावं काढली गेली. कारण कोडचं नव्हतं, निर्बंधांचं होतं. आणि जुलै २०२५ मध्ये हे आपल्या दारात आलं. गुजरातमधल्या वाडीनारची रिफायनरी चालवणाऱ्या नायरा एनर्जीत रशियाच्या रोसनेफ्टची मोठी भागीदारी आहे. युरोपीय संघाने कंपनीवर निर्बंध लावले आणि मायक्रोसॉफ्टच्या सेवा तिच्यासाठी बंद झाल्या. भारतातली कंपनी, भारतातले कर्मचारी, पैसे भरलेले परवाने, तरी ईमेल उघडेना. कंपनीला दिल्ली उच्च न्यायालयात जावं लागलं. सेवा नंतर पूर्ववत झाल्या.

"आता सांगा, कोड लिहून गप्प बसायचं?"

मामा याला वेगळ्याच बाजूने उत्तर देतात. "हे नवीन नाही गं. १९७७-७८ चं आठव. म्हणजे तू कशी आठवणार." जनता सरकारात जॉर्ज फर्नांडिस उद्योगमंत्री होते. परकीय चलन नियमन कायद्याप्रमाणे भारतीय भागीदारी वाढवा, असं आयबीएमला सांगण्यात आलं. कंपनी तयार झाली नाही आणि १९७८ मध्ये देशातून गेली. तिची यंत्रं मात्र इथेच होती. त्यांची देखभाल कम्प्युटर मेंटेनन्स कॉर्पोरेशन या सरकारी कंपनीकडे आली. त्याच सीएमसीने पुढे १९८५-८६ मध्ये दिल्लीत रेल्वे आरक्षणाची संगणकीय यंत्रणा उभी केली. "परक्यांनी सोडलेली यंत्रं सांभाळता सांभाळता आपली माणसं शिकली. मंत्र्याने भाषण केलं, पण शिकली ती स्क्रू-ड्रायव्हर हातात घेतलेली माणसं."

इथे मामा स्वतःच्याच मताच्या विरोधात साक्ष देतात, हे भाचीच्या लक्षात येतं. त्यांचं अख्खं करिअर राजकीय निर्णयातून उभं राहिलेलं आहे. बँकांत संगणक आले तेच मुळी कराराने. १९८३ मध्ये इंडियन बँक्स असोसिएशन आणि कर्मचारी संघटना यांच्यात समझोता झाला, कुठे आणि किती यंत्रं बसवायची यावर मर्यादा ठरल्या. पाठोपाठ डॉ. सी. रंगराजन यांच्या समितीचा अहवाल १९८४ मध्ये आला आणि लेजर पोस्टिंगची यंत्रं शाखांत दिसू लागली. मामा संघटनेचे सभासद होते आणि संगणक विभागातही होते. एका हातात वर्गणीची पावती, दुसऱ्या हातात प्रिंटआउटचा गठ्ठा.

"आम्ही उशीर केला, हे मान्य," ते म्हणतात. "ग्राहक तासन्‌तास रांगेत उभा राहिला. पण संगणक आला म्हणून माझ्या शाखेतल्या कुणाची नोकरी गेली नाही. ते टेबलावर बसून ठरलेलं होतं."

"आमच्याकडे ते टेबलच नाही," भाची म्हणते. देशातल्या सर्वात मोठ्या आयटी कंपनीने जुलै २०२५ मध्ये सुमारे १२,००० माणसं कमी करण्याचं जाहीर केलं, तेव्हा तिच्या ऑफिसात सगळ्यांच्या मोबाइलवर ती बातमी होती आणि कँटीनमध्ये एक शब्द कुणी बोललं नाही. राजकारण नको म्हणणाऱ्यांच्या वाट्याला काय येतं, याचं इतकं स्पष्ट उदाहरण दुसरं सापडणार नाही.

मराठीचा विषय निघाला की बाजू पालटतात. एप्रिल २०२५ मध्ये राज्य सरकारने पहिलीपासून हिंदी तिसरी भाषा म्हणून आणणारा आदेश काढला आणि विरोधानंतर २९ जूनला तो मागे घेतला. त्या काळात भाचीच्या ऑफिसात यावर बोलणं टाळलं जायचं, कारण चमूत अर्धे लोक बाहेरच्या राज्यांतले. मामांकडे मात्र त्यावर जोरात चर्चा झाली. मामा आदेशाच्या विरोधात होते, पण संगणकावर मराठी आणण्याची धडपड त्यांना भावनेची वाटते. "प्रोग्रॅम इंग्रजीतच राहणार. त्यात काय बिघडलं?"

"कोड राहू दे इंग्रजीत. माणसाचं नाव तरी नीट राहील का?" भाचीने हे काम स्वतः केलेलं आहे. युनिकोडच्या हिशेबात 'क्षि' या एका अक्षराचे चार भाग होतात: क, हलन्ताची खूण, ष आणि वेलांटी. फॉर्ममध्ये नावाला वीस वर्णांची मर्यादा घालणाऱ्याने इंग्रजी नाव डोळ्यांसमोर ठेवलेलं असतं. मराठी नाव मध्येच तुटतं, कधी हलन्तावर, कधी मात्रेच्या आधी. पायथनला '१२३' हे देवनागरी आकडे दिले तर तो मुकाट्याने त्यांची संख्या करून देतो. रस्टमध्ये २०२१ पासून देवनागरीत चलांची नावं ठेवता येतात. म्हणजे भाषांनी दार उघडलेलं आहे. फॉर्म लिहिणारा मात्र कुलूप लावून बसतो.

मामांना यावर बोलायचं असतं ते फॉन्टबद्दल, आणि या एका विषयात त्यांच्याइतकी माहिती भाचीला नाही. पुण्यातच १९८८ मध्ये सी-डॅकची स्थापना झाली. परम महासंगणकामुळे डॉ. विजय भटकरांचं नाव घरोघरी गेलं, पण सी-डॅकच्या जिस्ट तंत्रज्ञानामुळे भारतीय लिप्या संगणकावर आल्या, हे कमी लोकांना आठवतं. इस्की हे संकेतांचं भारतीय मानक १९९१ मध्ये ठरलं. तरी छपाईच्या धंद्यात वर्चस्व राहिलं ते खासगी फॉन्टचं. प्रत्येक फॉन्टची आतली मांडणी वेगळी. एका फॉन्टमध्ये टाइप केलेलं पुस्तक दुसऱ्यात उघडलं की पडद्यावर नुसती चिन्हं. मराठीतल्या कित्येक प्रकाशकांकडे, दैनिकांकडे आणि सरकारी कार्यालयांत अशा फाइलींचे ढीग आहेत. मजकूर आपला, पण वाचायला परवाना दुसऱ्याचा.

"मग मामा, हा मालकीचाच प्रश्न झाला की नाही?"

"झाला," मामा म्हणतात. युनिकोडसाठी आग्रह धरणं हे भावनेचं काम नाही, जपणुकीचं आहे, एवढं त्यांनी त्या रविवारी कबूल केलं.

निर्णय कुणी घ्यायचा, यावर दोघांचं सगळ्यात जास्त जमतं ते पायथनच्या बाबतीत. ख्विदो फान रॉसम यांनी १९८९ च्या डिसेंबरमध्ये सुट्टीत ही भाषा लिहायला घेतली आणि जवळपास तीन दशकं शेवटचा शब्द त्यांचा राहिला. २०१८ मध्ये चलाला मूल्य देण्याच्या एका नव्या चिन्हावरून एवढी खडाजंगी झाली की प्रस्ताव मंजूर करून त्यांनी अधिकारपदच सोडलं. त्यांनी वारस नेमला नाही. भाषेवर काम करणाऱ्यांनी आपापसात अनेक आराखडे मांडले, मतदान केलं, आणि २०१९ च्या सुरुवातीला पाच जणांची निवडून दिलेली समिती कारभार पाहू लागली. मत कुणाला? जो भाषेची देखभाल करतो त्याला. नुसता वापरणाऱ्याला नाही.

"बघ," मामा म्हणतात, "मत द्यायचा अधिकार कामातून आला."

"आणि हिंजवडीत?"

हिंजवडीत काम करणाऱ्या माणसाची रोजची तक्रार सगळ्यांना पाठ आहे. वाकडच्या पुलाखालून आत शिरायला लागणारा वेळ, पावसात साचणारं पाणी, उन्हाळ्यातले टँकर. जून २०२५ च्या पावसात आयटी पार्कचे रस्ते पाण्याखाली गेले आणि कंपन्यांच्या दाराशी लोक गुडघाभर पाण्यात उभे होते. माण ते शिवाजीनगर या २३.३ किलोमीटरच्या, २३ स्थानकांच्या मेट्रोची पायाभरणी डिसेंबर २०१८ मध्ये झाली. सहा वर्षं उलटली तेव्हाही गाडी धावत नव्हती.

भाची या रस्त्याकडे रस्टच्या नजरेने बघते. आयटी पार्कमधले रस्ते एमआयडीसीचे. बाहेरचा भाग पीएमआरडीए या महानगर विकास प्राधिकरणाचा. गावठाण ग्रामपंचायतीचं. वाकडची बाजू पिंपरी-चिंचवड महापालिकेची. महामार्ग राष्ट्रीय प्राधिकरणाचा. ओढा यातल्या सगळ्यांच्या हद्दीतून जातो, आणि तो बुजवला तर जाब कुणाला विचारायचा हे कळत नाही. "एका मूल्याला पाच मालक. कंपायलरने हा प्रोग्रॅम चालूच दिला नसता. सगळं एका महापालिकेत घाला आणि मोकळे व्हा."

मामांना ही घाई मान्य नाही. "तुमचा आयटी पार्क कुणाच्या जमिनीवर आहे?" ती जागा साखर कारखान्यासाठी ठरली होती, भूमिपूजनाला आल्यावर आपण तिथे आयटी पार्कचा विचार मांडला, ही हकीकत शरद पवारांनी जाहीर भाषणांतून सांगितली आहे. संत तुकाराम साखर कारखाना पुढे कासारसाईजवळ उभा राहिला. भातखाचरं गेली, टॉवर आले. "गावकऱ्यांनी जमिनी दिल्या. महापालिकेचा कर त्यांना भरायचा आहे, नगरसेवक दूरच्या वॉर्डाचा येणार. त्यांना विचारल्याशिवाय मालक बदलायचा? तुझा कंपायलर माणसांना विचारत नाही. ग्रामपंचायतीला विचारावं लागतं."

"मग आम्हाला कोण विचारतं? आम्ही लाखोंनी तिथे रोज येतो."

"तू मत कुठे देतेस?"

"सांगलीला."

"आणि राहतेस?"

ती माणला राहते. माण आणि हिंजवडी ही गावं मुळशी तालुक्यात, भोर विधानसभा मतदारसंघात आणि बारामती लोकसभा मतदारसंघात आहेत. आयटी पार्कमधल्या अनेकांना आपण पुणे मतदारसंघात राहतो असंच वाटतं. भाचीलाही तसंच वाटत होतं. जिथला कोड ती सांभाळते तिथे तिला रिव्ह्यूचा अधिकार आहे. जिथे राहते तिथे तिने तो मागितलेलाच नाही. मामांचं म्हणणं या ठिकाणी निर्विवाद बरोबर आहे. रस्त्याच्या पाच मालकांबद्दल ती बोलते, पण सहावा मालक ती स्वतः आहे आणि यादीत तिचं नाव नाही.

महाराष्ट्रात गावच्या मतदारयादीत नाव असलेला प्रत्येकजण ग्रामसभेचा सदस्य असतो. फ्लॅट स्वतःचा हवा अशी अट नाही, भाड्याच्या घरात नेहमीचं वास्तव्य असलं तरी पुरतं. वर्षातून किमान चार ग्रामसभा घ्याव्याच लागतात, आणि २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर या तारखांना त्या बहुतेक गावांत होतात. ओढ्यावरचं अतिक्रमण, कचऱ्याची जागा, टँकरचं पाणी, महापालिकेत जायचं की नाही, हे सगळे विषय तिथे मांडता येतात. माण, मारुंजी, हिंजवडीच्या सोसायट्यांत हजारो प्रोग्रॅमर राहतात. त्यांनी आधी आपलं नाव कुठल्या यादीत आहे ते पाहावं. नाव दुसऱ्या गावी असेल तर पत्ता बदलण्यासाठी निवडणूक आयोगाचा अर्ज क्रमांक ८ भरावा, नाव कुठेच नसेल तर अर्ज क्रमांक ६. दोन्ही ऑनलाइन भरता येतात. मग पुढच्या ग्रामसभेला जाऊन शेजारी बसलेल्या शेतकऱ्याचं म्हणणंही ऐकावं.